लिंबावर टांगलेली चंची

आमच्या गावात कडूबा आबांना विचारल्याशिवाय कोणी पेरणीला हात घालत नसे. आमचे गाव अंबड तालुक्यात आहे आणि जमीन काळी, चिकट आहे. पाऊस पडल्यानंतर अशी जमीन पेरणीयोग्य केव्हा होते, हे ओळखणे कठीण असते. आबा पहाटे अनवाणी शेतात जात, टाचेने ढेकूळ दाबून पाहत आणि आज थांबा किंवा उद्या दुपारनंतर पेरा, असे सांगत. त्यांचे सांगणे सहसा चुकत नसे. त्यामुळे सरपंचापासून सालदारापर्यंत सर्वजण त्यांचा शब्द मानत.

मी सिराजोद्दीन, त्यांचा बांधशेजारी. आमच्या दोघांच्या बांधावर एक जुने कडुलिंबाचे झाड आहे. दुपारच्या वेळी आम्ही त्या झाडाखाली बसत असू. आबांच्या कमरेला तंबाखूची कापडी चंची असे. ते तंबाखू आणि चुना तळहातावर मळत, अर्धी चिमूट मला देत आणि अर्धी स्वतः घेत. मी त्यांच्याविषयी लिहीत आहे, ते त्यांच्या पेरणीच्या ज्ञानाबद्दल नव्हे. वयाच्या सत्तरीत त्यांनी एक गोष्ट अगदी पहिल्यापासून शिकून घेतली, आणि ती ज्यांच्याकडून शिकली त्या त्यांच्या सूनबाई होत्या. त्याची ही हकीकत आहे.

आबांच्या घरी माणसे चारच. पत्नी चतुराबाई या बोलण्यात फार धारदार, पण मनाने निर्मळ आहेत. मुलगा माऊली जालन्याला सळ्यांच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो. सूनबाई मीना या परतूर तालुक्यातील आष्टीच्या. त्यांनी रेशीम शेतीचे प्रशिक्षण घेतले आणि एक एकर तुती लावण्याची इच्छा सांगितली. आबांना हे पसंत नव्हते. ज्या जमिनीत त्यांच्या वडिलांनी कापूस घेतला, त्या जमिनीत किड्यांसाठी पाला पिकवायचा, ही कल्पना त्यांच्या गळी उतरेना. शेवटी त्यांनी एका अटीवर संमती दिली. दोन वेळा अळ्या पाळून पाहाव्यात. दुसऱ्या वेळीही कोष नीट निघाले नाहीत, तर गुढीपाडव्याला तुतीत नांगर घालायचा. आबांनी एकदा नांगराचे नाव घेतले की तो नांगर थांबत नाही, हे मीनाबाईंना ठाऊक होते. तरीही त्यांनी मान्य केले आणि शेतातच पत्र्याचे शेड उभे राहिले.

त्या घरातील एक रीत येथे सांगितली पाहिजे. सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचे असल्यास ती सासूबाईंना सांगे आणि सासरे ते शेजारीच बसून ऐकत. सासऱ्यांचे उत्तरही सासूबाईंच्याच नावाने येई. यात कोणाचा राग नव्हता, ती केवळ मर्यादा होती, आणि दोघेही ती मनापासून पाळत.

पहिल्या वेळी सर्व काही चांगले चालले होते. अळ्या वाढून बोटाएवढ्या झाल्या. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मीनाबाईंच्या भावाचा साखरपुडा ठरला, म्हणून एका दिवसापुरते त्यांना आष्टीला जावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना सर्व सूचना दिल्या. शेडमध्ये जाताना साबणाने हात धुवावेत. तंबाखूचा हात पाल्याला अजिबात लागू देऊ नये. आबांनी होकारार्थी मान हलवली.

त्या दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे लिंबाखाली बसलो होतो. पाला टाकण्याची वेळ झाली, तेव्हा आबांनी हात धोतराला पुसले आणि ते शेडकडे गेले. त्यांच्या दृष्टीने ते हात स्वच्छ होते, कारण त्यांना माती लागलेली नव्हती. शिवाय त्यांचा एक विचार होता, आणि तो वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. अळ्या कात टाकण्यासाठी निजतात तेव्हा रोग येऊ नये म्हणून त्यांच्या अंगावर चुन्याची भुकटी टाकतात. ती मीनाबाईंनी स्वतः टाकलेली आबांनी पाहिली होती. जो चुना अळ्यांच्या अंगावर चालतो, तोच चुना आपल्या हाताला असल्यास काय बिघडणार, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. चुन्यासोबत हाताला आणखी काय आहे, याचा विचार त्यांनी केला नाही. सारे आयुष्य तंबाखू खाणाऱ्या माणसाला तंबाखू ही वेगळी वस्तू वाटतच नाही.

दाराजवळच्या मांडणीवर त्यांनी पाला टाकला. आतल्या बाजूचा पाला चतुराबाईंनी टाकला. संध्याकाळी मीनाबाई परतल्या, तेव्हा दाराजवळच्या अळ्या डोके वर करून ताठ झाल्या होत्या. त्यांच्या तोंडातून हिरवे पाणी येत होते. बऱ्याचशा खाली पडल्या होत्या. मीनाबाईंनी एक फांदी उचलून नाकाजवळ नेली.

“आत्याबाई, ह्या पाल्याला तंबाखूचा वास येऊन राह्यला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

आबा दारातच उभे होते. ते पत्नीला म्हणाले, “तिला म्हणाव, चुना तर तूच टाकतीस त्यांच्या अंगावर. मंग माझ्याच हाताच्या चुन्यानं कसं काय झालं?”

मीनाबाईंनी मेलेल्या अळ्या गोळा करून खड्ड्यात पुरल्या आणि चुना टाकून खड्डा बंद केला. उरलेल्या अळ्यांनी कोष केले, पण पीक निम्म्यावर आले. गावात बोलणे सुरू झाले, की कडूबाच्या सुनेला हे काम जमले नाही, शिकलेल्या मुलींचे हे असेच असते. हे बोलणे आबांच्या कानावर येत होते. ते काही बोलत नव्हते. पाडव्याची अट मात्र त्यांनी एकदा पुन्हा बोलून दाखवली.

असे असले तरी आबांच्या स्वभावात एक गोष्ट पहिल्यापासून होती. बियाणे कितीही नावाजलेले असो, आधी ओल्या फडक्यात मूठभर दाणे उगवून पाहिल्याशिवाय ते पेरत नसत. चुन्याची गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. काही अळ्या मागे राहिल्या होत्या, त्यांनी अजून कोष केला नव्हता. एका दुपारी आबांनी त्यातील मोजक्या अळ्या चतुराबाईंकडून सुपात घालून घेतल्या आणि दोघे लिंबाखाली आले. त्यांनी चतुराबाईंना साबणाने हात धुऊन यायला सांगितले होते. चतुराबाईंनी सुपाच्या एका कडेला नुसते तुतीचे पान ठेवले, मधोमध चुना लावलेले पान ठेवले आणि दुसऱ्या कडेला आबांनी तंबाखू मळलेल्या तळहातावर घासलेले पान ठेवले. चतुराबाईंनी अळ्या तिन्ही पानांवर वाटून सोडल्या. मला आबांनी लांब बसायला सांगितले, कारण माझे हातही त्यांच्याच हातांसारखे होते.

आम्ही पाहत बसलो. पहिल्या पानावरील अळ्यांनी कडेपासून पान कुरतडायला सुरुवात केली. मधल्या पानावरील अळ्या थोडा वेळ थांबल्या, मग चुना नसलेल्या जागी जाऊन त्याही खाऊ लागल्या. तिसऱ्या पानावरील अळ्यांनी थोडे खाल्ले आणि डोके वर केले. काही वेळाने त्यांच्या तोंडाला हिरवे पाणी आले.

आबा म्हणाले, “सिराजभाई, चुना बिचारा बेगुन्हा निघाला.”

त्यांनी कमरेची चंची सोडली आणि हात पुरेल त्या फांदीला टांगली. मला त्यांनी काही सांगितले नाही. पण चंची एकच होती, त्यामुळे त्या दिवसापासून माझीही पंचाईत झाली.

त्याच संध्याकाळी मी माझी राहिलेली खुरपी आणायला त्यांच्या घरी गेलो होतो. आबा बाजेवर बसले होते आणि मीनाबाई जात्याशेजारी डाळ निवडत होत्या. आबांनी सवयीप्रमाणे पत्नीकडे पाहिले आणि ते म्हणाले, “तिला म्हणाव, मला हे काम शिकव.” चतुराबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत.

“ती काय मुंबईला हाये का? म्होरंच बसली हाये. तुम्हीच सांगा. मी काय तुम्हा दोघातलं टपाल वाटत बसू?”

आबा बाजेवरून उठले आणि खाली जमिनीवर बसले. मीनाबाई गडबडून उभ्या राहिल्या, कारण सासरे खाली बसलेले असताना काय करावे हे त्यांना सुचेना.

आबा म्हणाले, “मीना, मला ह्यातलं काहीच येत न्हाई. पहिल्यापासून सांग. फांदी कुठून तोडायची, तिथून.”

“मामा, मी काय सांगू तुम्हाला? सारं गाव तुम्हाला इचारून पेरतंय.”

“त्ये कापसाचं. ह्ये कापूस हाये का?”

मीनाबाईंना हसू आले. त्यांनी पदर तोंडापुढे धरला, पण ते हसू आम्हा सर्वांना दिसले. दुसऱ्या वेळच्या अळ्या माघ महिन्यात आणायचे ठरले होते. अळ्या मोठ्या झाल्या की त्यांना रात्रंदिवस पाला लागतो. माऊलीची पाळी असे, चतुराबाईंचे गुडघे दुखत. एकट्या मीनाबाईंना ते झेपणारे नव्हते, हे त्यांनाही कळत होते. त्यांनी होकार दिला.

सुरुवातीचे काही दिवस धडे चतुराबाईंच्या मार्फतच झाले, कारण जुनी मर्यादा एका दिवसात सुटत नाही. मीनाबाई सासूबाईंना सांगत की पाला सकाळी ऊन चढण्यापूर्वी तोडावा आणि ओल्या पोत्याखाली झाकून ठेवावा. चतुराबाई तेच आबांना सांगत, आणि शेवटी स्वतःकडून जोडत की आपले डोके मध्ये घालू नये. हा शेवटचा भाग मीनाबाईंनी कधीच सांगितलेला नसे. असे होऊ लागल्यावर धडा लांबू लागला आणि त्याची चवही बदलू लागली. म्हणून हळूहळू मीनाबाई थेट बोलू लागल्या. नजर मात्र त्या पाल्याकडेच ठेवत.

शेडच्या दारात त्यांनी बादली, तांब्या आणि साबण ठेवला. आबा प्रत्येक वेळी हात धूत आणि दोन्ही तळहात पुढे करून उभे राहत. तंबाखूचा वास गेला की नाही हे पाहणे आवश्यक होते. सुनेने सासऱ्यांचे हात हुंगणे योग्य दिसले नसते, म्हणून ते काम चतुराबाईंकडे आले.

“लग्न झाल्यापून पहिल्यांदा तुमच्या हाताला चांगला वास येऊन राह्यला,” त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला.

आबा चांगले विद्यार्थी होते, पण त्यांच्या चुका होत असत. माघात नव्या अळ्या आल्या, तेव्हा एका सकाळी सर्व अळ्या खाणे सोडून निश्चल बसलेल्या पाहून ते घाबरले. आपल्या हातून पुन्हा काहीतरी घडले असे त्यांना वाटले. ते तुतीच्या रानातून मीनाबाईंना हाका मारत धावत गेले. मीनाबाईंनी येऊन पाहिले आणि सांगितले की अळ्या कात टाकण्यासाठी निजल्या आहेत, त्यांना हलवू नये आणि पालाही टाकू नये. आबांनी विचारले की मग त्या जाग्या झाल्याचे कसे ओळखायचे. मीनाबाईंनी त्यांना अळीचे डोके दाखवले. जुने डोके लहान आणि काळपट असते, नवे डोके मोठे आणि फिकट असते. आबा चष्मा कपाळावरून खाली घेऊन एकेक डोके पाहत बसले. बहुतेक अळ्यांची डोकी बदललेली दिसली, तेव्हा त्यांनी मीनाबाईंना हाक मारली. मीनाबाईंनी पाहिले आणि पाला टाकायला सांगितले. त्या दिवशी ते मला भेटले तेव्हा फार आनंदात होते.

“आज मी बराबर सांगितलं,” ते म्हणाले. गावाला पेरणी सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

तंबाखूवाचून त्यांना त्रास झाला. पहिल्या आठवड्यात ते चिडचिडे झाले आणि बैलांवर विनाकारण ओरडले. चतुराबाईंनी त्यांना बडीशेप दिली, ती ते जनावराने कडबा चघळावा तशी चघळत. दुपारी आम्ही लिंबाखाली बसत असू आणि वर टांगलेल्या चंचीकडे पाहत असू. एकदा मी म्हणालो की काढायची का. ते म्हणाले की कोष होऊ दे, मग बघू.

अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या. त्या वेळी त्या इतक्या वेगाने खातात, की शेडमध्ये शेळ्यांचा कळप वाळलेल्या पाचोळ्यावरून चालल्यासारखा आवाज येतो. फांद्या टाकल्या की थोड्या वेळात त्यांच्या नुसत्या काड्या उरत. पाडवा जवळ येत होता. पुढचे दोन-तीन दिवस निभावले तर तुती राहणार होती, नाही तर नांगर येणार होता. याच दिवसांत मीनाबाईंचे वडील कल्याणराव आष्टीहून आले.

कल्याणराव मानी गृहस्थ आहेत. आपल्या मुलीने सासरच्यांचे नुकसान केले, हे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले होते. मुलीची समजूत घालावी आणि पाडव्यापूर्वीच हा उद्योग बंद करायला सांगावे, या विचाराने ते आले होते. व्याही आले म्हणून गावातील चार माणसेही मागोमाग शेतात आली. मीही होतो. कल्याणरावांच्या गालात तंबाखू होती. ते सरळ शेडकडे निघाले. आत मीनाबाई हातात फांदी घेऊन उभ्या होत्या. सासरच्या दारात, चार पुरुषांदेखत, स्वतःच्या वडिलांना अडवणे त्यांना जमेना. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आबा दारात आडवे उभे राहिले.

“पाव्हणं, आधी हात धुवा.”

कल्याणरावांना ती थट्टा वाटली. मग थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांचा स्वर बदलला.

“पोरीच्या घरात शिरायला आता हात धुवून यावं लागतंय व्हय?”

मागून कोणीतरी म्हणाले की ह्या अळ्यांचे सोवळे लई कडक दिसते. माणसे हसली. व्याह्याला दारात अडवणे आमच्या भागात लहान गोष्ट नाही. सरकारी नियम आहे एवढे सांगून आबांना वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसे केले नाही.

“मागच्या टायमाला तुमच्या पोरीचं काहीच चुकलं न्हवतं,” ते म्हणाले. “ती सांगून गेल्ती, मी ऐकलं न्हाई. तंबाखूच्या हातानं पाला टाकला. दारातल्या साऱ्या अळ्या माझ्या हातानं मेल्या. गावानं तिला नावं ठेवली तवा मी गप बसलो. आता ती शिकवून राह्यली, मी शिकून राह्यलो. म्हणून म्हणतो, हात धुवा.”

आतून अळ्यांच्या खाण्याचा आवाज तेवढा येत होता. मीनाबाई फांदी हातात धरून उभ्याच होत्या, आणि त्यांनी प्रथमच सासऱ्यांकडे सरळ पाहिले.

कल्याणराव बांधाकडे गेले, तोंडातील तंबाखू थुंकून आले आणि त्यांनी चुळा भरल्या. आबांनी स्वतः तांब्या उचलला आणि व्याह्यांच्या हातावर पाणी घातले. जे अडवणे अपमानासारखे वाटले होते, ते त्या पाण्यामुळे पाहुणचार झाले. यजमानाने पाहुण्याच्या हातावर पाणी घालणे ही आमच्याकडे मानाचीच गोष्ट आहे. कल्याणरावांनी साबण घेतला, मनगटापर्यंत हात धुतले आणि आबांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही तळहात पुढे केले. मग प्रश्न आला की हे हात तपासायचे कोणी.

“पाव्हण्यांचे हात मी न्हाई हुंगायची,” चतुराबाई म्हणाल्या. “त्यांच्या पोरीनं हुंगावं.”

मीनाबाई पुढे आल्या, त्यांनी वडिलांचे हात नाकाशी धरले आणि आत येऊ दिले. मागच्या माणसांनी कोणी न सांगताच बादलीपुढे रांग लावली. मीही रांगेत होतो. आत गेल्यावर आबांनीच सर्वांना सगळे दाखवले, आणि कोणी कठीण प्रश्न विचारला की मास्तरणीला विचारा, असे म्हणून मीनाबाईंकडे बोट केले. उद्योग बंद करण्याविषयी कल्याणराव काही बोलल्याचे मला ऐकू आले नाही. जाताना त्यांनी एवढेच विचारले, की आष्टीच्या जमिनीत तुती येते का.

अळ्या पिवळसर, पारदर्शक दिसू लागल्या. मीनाबाईंनी त्यांच्यावर कोष करण्याच्या जाळ्या उभ्या केल्या. अळ्या एकामागून एक वर चढल्या आणि शेडमध्ये हळूहळू शांतता झाली. काही दिवसांनी जाळ्या खाली घेतल्या, तेव्हा त्या पांढऱ्या कोषांनी भरलेल्या होत्या. कोष वेचायला शेजारपाजारच्या बाया आल्या. त्या दिवशी शेडमध्ये इतके हसणे-बोलणे झाले की माझी पत्नी गौहर हिने घरी आल्यावर सांगितले, एखाद्या लग्नघरातून आल्यासारखे वाटते.

पाडव्याला नांगर निघाला, पण तो तुतीत गेला नाही. आबांनी शेजारचा तुकडा नांगरून तोही तुतीसाठी मोकळा केला. मी त्यांना लिंबावरच्या चंचीची आठवण दिली. आम्ही वर पाहिले तर खारीने तिचे बंद ओढून नेले होते आणि कापडाला भोके पाडली होती. आबा म्हणाले की तिच्या पिलांना उपयोगी पडत असेल तर राहू दे. ती चंची अजूनही तेथेच आहे.

कोष वेचत असताना आबांनी एक कोष कानाजवळ नेऊन हलवला होता. आत काहीतरी खुळखुळले होते. त्यांनी मीनाबाईंना विचारले होते की यातून धागा कसा काढतात, टोक कुठे सापडते.

“त्ये मला पण न्हाई माहीत, मामा,” मीनाबाई म्हणाल्या.

मला वाटले आबा निराश होतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आले, जे अळ्यांची डोकी ओळखता आली त्या दिवशी आले होते.

“मंग चल, दोघं बी इचारू.”

म्हणून कोष विकायला जालन्याला गेलो तेव्हा बाजार आटोपल्यावर ते दोघे आणि मी धागा काढण्याच्या एका कारखान्यात विचारायला गेलो. तेथे एक बाई गरम पाण्याच्या भांड्यापुढे बसल्या होत्या. भांड्यात कोष तरंगत होते आणि त्या बारीक झाडणीने त्यांचे टोक शोधून काढत होत्या. मीनाबाईंनी त्यांना शिकवाल का, असे विचारले. बाईंनी मान डोलावली आणि जवळ बसायला सांगितले.

आबा आधी बाहेरच्या नळावर गेले. परत येऊन ते त्या बाईंसमोर जमिनीवर बसले आणि आपले दोन्ही ओले तळहात त्यांनी त्यांच्यापुढे धरले. बाईंना काही कळले नाही. त्यांनी मीनाबाईंकडे पाहिले.

“धुतलेले हायेत,” आबा म्हणाले. “आता सांगा.”